आधी रिंग, मग पिल्ले

जातिवंत मांजरांची पैदास नव्याने करू पाहणाऱ्याने आपली मांजरे कॅट शोमध्ये उतरवावीत का, या प्रश्नाचे उत्तर ‘हो’ असेच आहे. मात्र त्यात क्रम महत्त्वाचा आहे. शो आधी आणि पिल्ले नंतर. मुंबईत बहुतेक घरांत हा क्रम उलटा चालतो. गिरगावातल्या चाळीत किंवा लालबागच्या नव्या टॉवरमध्ये हौसेने एक पर्शियन पिल्लू येते. वर्षभरात ती मांजरी हीटवर येते, रात्रभर ओरडते, घरचे हैराण होतात आणि ओळखीतून एखादा ‘स्टड’, म्हणजे पैदाशीचा बोका, शोधला जातो. साधारण ६३ ते ६५ दिवसांनी पिल्ले होतात. ती हातोहात जातात आणि दुसऱ्या वेताचा बेत ठरतो. शोची जाहिरात नजरेस पडते ती यानंतर. तोवर कोणती मांजरी, कोणता बोका, कोणते गुण पुढे न्यायचे आणि कोणते थांबवायचे, हे सगळे निर्णय कोणी न घेताच होऊन गेलेले असतात.

मांजराची ‘जात’ म्हणजे केवळ लांब केस किंवा निळे डोळे नव्हेत. ठरावीक गुण पिढ्यानपिढ्या खात्रीने उतरतील अशी, आईबापांची नोंद ठेवून केलेली पैदास म्हणजे जात. या नोंदीलाच पेडिग्री म्हणतात. तीत मांजराच्या मागच्या तीन-चार पिढ्यांची नावे, रंग आणि नोंदणी क्रमांक असतात. मुंबईत ‘पर्शियन’ म्हणून विकल्या जाणाऱ्या पुष्कळ मांजरांकडे असा कागदच नसतो. सौदा होतो तो चेहऱ्यावर. नाक जरा पुढे आलेले असेल तर ‘डॉल फेस’, थोडे दबलेले असेल तर ‘सेमी पंच’, डोळ्यांच्या मध्ये रुतलेले असेल तर ‘पंच फेस’, आणि जितका चेहरा चपटा तितका भाव चढा. क्रॉफर्ड मार्केटपासून मोबाइलवरच्या ग्रुपपर्यंत हीच भाषा चालते. या भाषेत पाठीचा कणा, छाती, पाय, दात, स्वभाव यांना शब्दच नाहीत. नव्या ब्रीडरला त्याची मांजरी काय आहे हे सांगणारी दुसरी, अधिक भरीव भाषा शोमध्ये मिळते. शोला जाण्याचे हेच सर्वांत मोठे कारण आहे.

ही भाषा दीडशे वर्षांपूर्वी लंडनमध्ये घडू लागली. १३ जुलै १८७१ रोजी क्रिस्टल पॅलेसमध्ये हॅरिसन वेअर या चित्रकाराने पहिला मोठा कॅट शो भरवला. उंदीर मारण्यापलीकडे मांजराला तेव्हा कोणी फारशी किंमत देत नव्हते. तिच्या देखणेपणाकडे आणि तब्येतीकडे लोकांनी नीट पाहावे, तिची चांगली निगा राखावी, हा त्याचा हेतू होता. कोणत्या प्रकारच्या मांजरात काय चांगले मानायचे याचे निकषही त्यानेच लिहून काढले. १८८७ साली तिथे नॅशनल कॅट क्लब निघाला आणि वेअर त्याचा पहिला अध्यक्ष झाला. पण काही वर्षांतच त्याने ते पद सोडले. सभासदांना मांजरांच्या भल्यापेक्षा पदकांची ओढ जास्त आहे, अशी त्याची तक्रार होती. ज्याने हा प्रकार सुरू केला त्यालाच ही तक्रार करावी लागली, हे आजच्या नव्या ब्रीडरनेही लक्षात ठेवण्याजोगे आहे.

पुढे वेगवेगळ्या देशांत नोंदणी ठेवणाऱ्या संस्था उभ्या राहिल्या. अमेरिकेत १९०६ साली सीएफए, ब्रिटनमध्ये १९१० साली जीसीसीएफ, युरोपात १९४९ साली फीफे, पुन्हा अमेरिकेत १९७९ साली टिका, आणि १९८८ साली वर्ल्ड कॅट फेडरेशन म्हणजेच डब्ल्यूसीएफ. प्रत्येक संस्थेचे जातींचे निकष आणि किताबांचे नियम थोडे वेगळे आहेत. भारतात फेलाइन क्लब ऑफ इंडिया ही संस्था डब्ल्यूसीएफशी जोडलेली आहे आणि तिच्या नियमांनुसार मुंबईसह मोठ्या शहरांत शो होत आले आहेत. त्यांसाठी परीक्षक बहुधा परदेशातून येतात. आपल्या गल्लीबोळांतली देशी मांजरी ‘इंडीमाऊ’ या नावाने जात म्हणून डब्ल्यूसीएफच्या यादीत गेली, तीही याच प्रयत्नांतून. मुंबईच्या ब्रीडरला वर्षात असे शो थोडेच मिळतात, त्यामुळे जो मिळेल त्याचा पुरेपूर उपयोग करून घ्यावा लागतो.

शोमध्ये नेमके घडते काय? मांजर आपल्या पिंजऱ्यात, पडदे लावून, नंबरखाली बसलेली असते. नंबर पुकारला की तिला परीक्षकाच्या टेबलावर नेतात. परीक्षकापुढच्या कागदावर मांजरीचे वय, लिंग, जात, रंग आणि नंबर एवढेच असते. मालकाचे नाव नसते. आधीच्या मांजरानंतर टेबल पुसले जाते, हात जंतुनाशकाने स्वच्छ केले जातात. मग तो मांजरीला दोन्ही हातांनी उचलून तिचे वजन आणि स्नायू जोखतो. तिला आडवी धरून नाकाची, कपाळाची, हनुवटीची रेघ बाजूने पाहतो. अंगठ्याने ओठ वर करून वरचे आणि खालचे दात एकमेकांवर बसतात का ते तपासतो. बोका असेल तर दोन्ही वृषणे खाली उतरली आहेत का ते चाचपतो. शेपटी बुडापासून टोकापर्यंत बोटांच्या चिमटीतून सरकवतो, कारण आतल्या हाडाला कुठे गाठ किंवा बाक असेल तर तो डोळ्यांना दिसत नाही, बोटांना लागतो. काळ्या पर्शियनचे केस फुंकर घालून बाजूला करतो आणि रंग मुळापर्यंत काळा आहे का ते बघतो. गॅलरीत तासन्‌तास उन्हात बसणाऱ्या काळ्या मांजरीच्या केसांवर तांबूस झाक येते, आणि ती इथे लपत नाही. शेवटी एक पीस किंवा खेळण्याची काडी तिच्यापुढे हलवली जाते. कान टवकारतात, डोळे पूर्ण उघडतात, आणि त्या क्षणी मांजरी खरी कशी आहे ते दिसते. हे सगळे काही मिनिटांत उरकते, पण ती मिनिटे जवळ उभे राहून पाहिलेला माणूस आपल्या मांजरीकडे पुन्हा पूर्वीच्या नजरेने पाहू शकत नाही.

परीक्षकाची तपासणी मनाच्या लहरीवर चालत नाही. ती लिखित निकषाला बांधलेली असते. सीएफएच्या पर्शियनच्या निकषात १०० गुणांपैकी डोके, डोळ्यांचा आकार आणि कान मिळून ३० गुण आहेत. शरीराची ठेवण, हाड आणि शेपटी यांना २०, केसांना १०, समतोलाला ५, नजाकतीला ५, रंगाला २० आणि डोळ्यांच्या रंगाला १०. बाजारात ज्या चेहऱ्यावर सगळा भाव ठरतो तो इथे तीसच गुण नेतो. उरलेल्या सत्तरांत आखूड भक्कम पाय, रुंद छाती, सपाट पाठ, रंगाचा एकसारखेपणा असे सगळे येते. चपट्या नाकाची पण लांब पाय आणि अरुंद छाती असलेली मांजरी बाजारात महाग आणि रिंगमध्ये, म्हणजे परीक्षकाच्या टेबलावर, मागे, असे घडते ते यामुळेच.

डब्ल्यूसीएफच्या पद्धतीत परीक्षक प्रत्येक मांजरासाठी लेखी अहवाल भरतो. डोके, कान, डोळे, शरीर, शेपटी, केस, एकूण निगा अशा रकान्यांत एकेक दोन शब्दांची टिपणे असतात. नव्या ब्रीडरसाठी हा कागद त्या दिवशीच्या कोणत्याही फितीपेक्षा मोलाचा आहे. ‘कान थोडे मोठे, जास्त उभे’, ‘हनुवटी कमजोर’, ‘डोळ्यांचा रंग फिका’ असे तीन शब्द हाती आले की पुढचा बोका कसा हवा हे समजते. कान लहान आणि दूर बसलेले, हनुवटी भरलेली, डोळे गडद तांबूस. दोन-तीन वेगवेगळ्या परीक्षकांनी तीच खोट दाखवली तर शंका उरत नाही. मराठीत ‘आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं’ म्हणतात. घरात वाढवलेल्या, बाटलीने दूध पाजलेल्या मांजरीबाबत ते दुपटीने खरे असते. तिचे दोष घरच्यांना दिसत नाहीत, शेजाऱ्यांना कळत नाहीत आणि पिल्ले विकत घेणारे ते सांगणार नाहीत. ज्याचा तिच्याशी काही संबंध नाही आणि ज्याने तिच्या जातीची शेकडो मांजरे हाताळली आहेत, असा माणूस मुंबईच्या ब्रीडरला शोशिवाय क्वचितच भेटतो.

पिंजऱ्यांच्या रांगांमधून मिळते तेही कमी नाही. ज्याच्या बोक्याचा फोटोच मोबाइलवर पाहिला होता तो बोका इथे समोर असतो. त्याची दोन वर्षांची मुलगी शेजारच्या पिंजऱ्यात असते, म्हणजे बोका पुढच्या पिढीला काय देतो तेही पाहता येते. मालकाला आरोग्य तपासणीचे कागद थेट मागता येतात आणि तो ते दाखवतो की विषय बदलतो, यावरूनही बरेच समजते. नव्या माणसाला एखादा जाणता ब्रीडर हाताशी धरून शिकवणारा मिळाला तर तो बहुधा अशाच ठिकाणी मिळतो. मांजरी व्यायला अडली की रात्री दोन वाजता फोन कोणाला करायचा, हा प्रश्न त्या एका ओळखीने सुटतो.

आता रिंगमध्ये जे दिसत नाही त्याविषयी. इथे नवे ब्रीडर सर्वांत जास्त फसतात, कारण किताब मिळाला म्हणजे मांजरी निरोगी, असे त्यांना वाटते. परीक्षकाचे हात कातडीच्या आत पोहोचत नाहीत. पर्शियनमधला पॉलिसिस्टिक किडनी डिसीज म्हणजे मूत्रपिंडात पाण्याच्या गाठी होणारा आनुवंशिक आजार, हे त्याचे ठळक उदाहरण. वेगवेगळ्या देशांतल्या पाहण्यांत पर्शियनांपैकी सुमारे तिसरा हिस्सा किंवा त्याहून अधिक मांजरांत तो आढळला. आईबापांपैकी एकाकडूनच सदोष जनुक आले तरी तो होतो, आणि असे मांजर प्रत्येक पिल्लाला तो देण्याची शक्यता निम्मी असते. घात असा की लक्षणे बहुधा मांजर प्रौढ झाल्यावर, अनेकदा सातव्या-आठव्या वर्षाच्या आसपास दिसतात. तोवर तिची चार-पाच वेते झालेली असतात आणि ती पिल्ले शहरभर पसरलेली असतात. २००४ साली या आजाराला कारण असलेला जनुकातला बदल सापडला आणि गालाच्या आतून काढलेल्या नमुन्यावर एकदाच करायची डीएनए चाचणी उपलब्ध झाली. साधारण दहा महिन्यांनंतर केलेल्या सोनोग्राफीतही गाठी बऱ्याच खात्रीने दिसतात. चॅम्पियन मांजरी या चाचणीत नापास होऊ शकते. तिची नसबंदी करणे हाच मग योग्य निर्णय असतो, कितीही जड गेला तरी.

रक्तगटाचे तसेच. मांजरांत मुख्यतः ए आणि बी असे गट असतात. आपल्या देशी मांजरांत ए गट बहुसंख्य. पण पर्शियन आणि ब्रिटिश शॉर्टहेअरसारख्या जातींत बी गटाची मांजरेही लक्षणीय असतात. बी गटाच्या आईला ए गटाची पिल्ले झाली तर तिच्या पहिल्या दुधातल्या प्रतिद्रव्यांनी पिल्लांच्या तांबड्या रक्तपेशी फुटतात. जन्मतः टणक, टवटवीत असलेली पिल्ले दूध प्यायल्यावर एक-दोन दिवसांत लाल-तपकिरी लघवी करून जातात, आणि ब्रीडर दोष थंडीला, नजर लागण्याला किंवा आईच्या दुर्लक्षाला देतो. आईबापांचा रक्तगट आधी तपासला असता तर हे टळले असते. मेन कून जातीत हृदयाचा स्नायू जाड होण्याचा आजार आनुवंशिक असतो. त्यासाठी इकोकार्डिओग्राफी लागते. निळ्या डोळ्यांच्या पांढऱ्या मांजरांत बहिरेपण पुष्कळ असते. दोन्ही डोळे निळे असतील तर निम्म्याहून जास्त मांजरे एका किंवा दोन्ही कानांनी बहिरी निघतात. एक डोळा निळा आणि एक पिवळा अशा पांढऱ्या पर्शियनला मुंबईत मागणी आहे, पण त्या निळ्या डोळ्याकडचा कान ऐकतो का हे विचारणारे गिऱ्हाईक विरळा.

या तपासण्यांसाठी दक्षिण-मध्य मुंबईतल्या माणसाला लांब जावे लागत नाही. परळला १८८६ साली सुरू झालेले मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, आणि परळलाच बाई साकरबाई दिनशॉ पेटिट प्राण्यांचे रुग्णालय आहे. गिरगाव, दादर, लालबाग इथल्या कितीतरी पिढ्यांनी आपली कुत्री-मांजरे, पोपट, टांग्यांचे घोडे परळला आणले आहेत. शोच्या प्रवेशअर्जाइतकीच पशुवैद्याची भेट ही तयारीचा भाग मानली पाहिजे, आणि परीक्षकाचा अहवाल आणि तपासणीचा अहवाल एकाच फाइलमध्ये शेजारी शेजारी ठेवले पाहिजेत. त्यातला एक नसेल तर दुसरा अर्धाच आहे.

रिंग आंधळी राहते एवढेच नाही. कधी तीच मांजरांचे नुकसान करते, हेही स्पष्ट बोलायला हवे. पर्शियनचा चेहरा शंभर वर्षांपूर्वी आजच्याइतका चपटा नव्हता. एका पिढीत जरा आखूड नाक जिंकले, पुढच्या पिढीत त्याहून आखूड, असे होत होत नाकपुड्या अरुंद झाल्या, डोळ्यांचे पाणी नाकात न उतरता गालांवर वाहू लागले, जबडा आखडला आणि दात वाकडे आले. मुंबईच्या दमट उन्हाळ्यात अशा मांजरीचे हाल कोणी पाहिले असतील तर तोंड उघडे टाकून धापा टाकणारी मांजरी त्याच्या डोळ्यांपुढून जाणार नाही. कुत्र्याने धाप टाकणे साधे असते. मांजराने टाकणे हा धोक्याचा इशारा असतो. स्कॉटिश फोल्डची गोष्ट आणखी वाईट. १९६१ साली स्कॉटलंडमधल्या एका शेतावर सूझी नावाच्या मांजरीचे कान दुमडलेले आढळले आणि त्यातून ही जात निघाली. पण कान ज्या दोषाने दुमडतात तोच दोष शरीरभरच्या कूर्चेत आणि हाडांत असतो, आणि त्यातून दुखणारे, आखडणारे सांधे येतात. ब्रिटनच्या जीसीसीएफने सत्तरच्या दशकातच या जातीची नोंदणी बंद केली. इतर काही संस्थांच्या रिंगमध्ये ती आजही दिसते. म्हणजे एखाद्या जातीला शोमध्ये जागा आहे यावरून ती जात वाढवणे योग्य ठरत नाही. नव्या ब्रीडरने फोल्डच्या वाटेला जाऊच नये, आणि पर्शियन निवडताना उघड्या नाकपुड्यांचा, सहज श्वास घेणारा बोका निवडावा, भले एखादी फीत हुकली तरी चालेल.

पैदाशीला किती धीर लागतो याचा दाखला मुंबईच्याच नावात आहे. ‘बॉम्बे’ नावाची मांजराची जात आहे. काळीशार, चकचकीत, तांब्याच्या रंगाच्या डोळ्यांची. तिचा मुंबईशी संबंध केवळ नावापुरता. अमेरिकेतल्या केंटकी राज्यातल्या लुइव्हिल शहरात निकी हॉर्नर या बाईंनी १९५८ च्या सुमारास बर्मीज मांजरी आणि काळे अमेरिकन शॉर्टहेअर यांच्या संकरातून ती घडवायला घेतली. भारतातल्या काळ्या बिबट्याचे घरगुती रूप त्यांच्या मनात होते, म्हणून हे नाव. पहिले प्रयत्न फसले, जोड्या बदलल्या, पिल्ले निवडली, नाकारली. सीएफएच्या चॅम्पियनशिप वर्गात या जातीला जागा मिळाली ती १९७६ साली, सुमारे १८ वर्षांनी. या काळात दर पिढीत काय सुधारले हे बाहेरच्या नजरेला दाखवत राहणे हाच त्या कामाचा कणा होता. मुंबईत दोन वर्षांत ‘लाइन’, म्हणजे स्वतःचा वंश, तयार झाल्याचे सांगणाऱ्यांच्या शब्दांवर हा हिशेब समोर ठेवूनच विश्वास ठेवावा.

आता ज्याच्याकडे कागद नाहीत त्याने काय करायचे? डब्ल्यूसीएफमध्ये नॉव्हिस वर्ग असतो. पेडिग्री नसलेल्या पण जातीच्या दिसणाऱ्या मांजराला त्यात परीक्षक तपासतात आणि ते निकषात बसते असे ठरले तर प्राथमिक नोंद मिळू शकते. पुढच्या पिढ्यांची वंशावळ तिथून सुरू होते. बाजारातून कागदाविना घेतलेल्या पर्शियनसाठी हा एकमेव प्रामाणिक रस्ता आहे. दुसऱ्याच मांजरीचे कागद जोडून देण्याचा उद्योग जो करतो तो येणाऱ्या प्रत्येक पिढीच्या नोंदी नासवतो. कागद असलेल्या मांजरांचे वर्ग वयानुसार पडतात. ३ ते ६ महिन्यांची पिल्ले, ६ ते १० महिन्यांची तरुण मांजरे आणि १० महिन्यांवरचा खुला वर्ग. खुल्या वर्गात प्रमाणपत्रे जमवत चॅम्पियन, मग आंतरराष्ट्रीय चॅम्पियन अशी पायरी चढता येते, आणि ती प्रमाणपत्रे एकाच परीक्षकाकडून चालत नाहीत.

याशिवाय नसबंदी केलेल्या मांजरांसाठी स्वतंत्र वर्ग असतो, आणि त्यांचे किताबही तितकेच मानाचे. ही गोष्ट मुंबईत फारशी कोणी सांगत नाही. नव्या माणसाने शिकायला सुरुवात करावी तर इथूनच. एक चांगला, नसबंदी केलेला बोका घ्यावा. तो बहुधा घरात फवारे मारत नाही, रात्री ओरडत नाही, दहा बाय बाराच्या खोलीतही सुखाने राहतो. त्याला घेऊन दोन-तीन शो करावेत, निकष पाठ करावेत, आंघोळ-विंचरणे शिकावे, माणसे ओळखावीत. एवढे झाल्यावरही पैदास करावीशी वाटली तर मग पैदाशीची मांजरी आणावी. तोवर कशी आणायची हे डोळ्यांना कळलेले असते. कित्येकांना या टप्प्यावर उमगते की त्यांना मांजर दाखवण्याची हौस आहे, पिल्ले वाढवण्याची नाही. तेही कळणे चांगलेच.

शोची तयारी हे घरचे, रोजचे काम आहे. पर्शियनच्या केसांना आठवडाभर हात लावला नाही तर काखेत आणि पोटाखाली गाठी बसतात, आणि गाठ कातरीने काढली की तिथला केस पुन्हा वाढायला महिने लागतात. उन्हाळ्यात पुष्कळ घरांत मांजरीचे केस ‘लायन कट’ करून उतरवतात. आरामासाठी ते ठीक, पण त्या वर्षी शो विसरायचा. आंघोळीच्या दिवशी आधी तेलकटपणा काढावा लागतो, विशेषतः शेपटीच्या बुडाशी, जिथल्या ग्रंथींमुळे बोक्याचे केस चिकट होतात. मग दोनदा शाम्पू, आणि मोरीतल्या कोमट पाण्याने केस बोटांखाली करकरेपर्यंत धुणे. खरी परीक्षा वाळवताना. मुंबईच्या हवेत केस आपोआप वाळत नाहीत. ड्रायर आणि कंगवा घेऊन मुळापासून एकेक पदर मोकळा करावा लागतो, नाहीतर ओलसर मुळांशी नायटा धरतो. दोन-तीन तास सहज जातात. या दोन-तीन तासांची सवय मांजरीला पिल्लू असतानाच, रोज पाच-पाच मिनिटांनी लावावी लागते.

टेबलाची सवयही तशीच. दादरच्या फ्लॅटमधले जेवणाचे टेबल पुरते. रोज तिला उचलून तिथे ठेवायचे, शेपटीवरून हात फिरवायचा, ओठ वर करून दात पाहायचे, पंजे दाबून नखे कापायची, शेवटी काडीशी खेळू द्यायचे. घरी येणाऱ्या पाहुण्याला, शेजारच्या काकूंना, शाळेतल्या मुलांना तिला हाताळायला सांगायचे, कारण परीक्षक अनोळखी असतो. लालबाग-परळच्या मांजरींना गणपतीतल्या ढोलताशांची ओळख असते, पण ओळख म्हणजे सवय नव्हे; त्या दहा दिवसांत पलंगाखाली दडून बसणारी मांजरी हॉलमधल्या माइकपुढेही दडूनच बसेल. जी मांजरी दोन शोंनंतरही पिंजऱ्यात थरथरते, खात नाही, चावते, तिला पुन्हा नेऊ नये. आणि तिच्या भित्रेपणाची नोंद पैदाशीच्या वहीतही करावी, कारण स्वभावही काही अंशी वारशाने उतरतो.

किताबाने पिल्लांचा भाव वाढतो, हे खरे आहे. पण शोचा खर्च पिल्लांतून निघेल असा हिशेब मांडणारा माणूस लवकरच मांजरीला वर्षात दोन-तीनदा व्यायला लावतो. मुंबईत दिवसाच्या लांबीत ऋतूंनुसार फार फरक पडत नाही आणि घरांत रात्री उशिरापर्यंत दिवे असतात. त्यामुळे मांजरी जवळजवळ वर्षभर हीटवर येऊ शकते, आणि थांबायचे कधी हे माणसालाच ठरवावे लागते. कायदाही इथे फारसा आड येत नाही. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली २०१७ साली पैदाशीचे नियम आले ते कुत्र्यांपुरते, आणि २०१८ चे नियम आहेत ते पाळीव प्राण्यांच्या दुकानांसाठी. घरातल्या मांजरीची किती वेते व्हावीत यावर शेवटी ब्रीडरच्याच सद्सद्विवेकाचा पहारा असतो.

राहिला आजारांचा धोका. एका हॉलमध्ये शहरभरची मांजरे जमतात, म्हणजे त्यांचे जंतूही जमतात. पॅनल्युकोपेनियाचा विषाणू लहान पिल्लांना दोन-तीन दिवसांत मारतो आणि फरशीवर, टोपलीवर, बुटांवर महिनोन्‌महिने टिकतो. साध्या फिनाइलने तो जात नाही, ब्लीचचे पाणी लागते. नायट्याचे बीजाणूही दीर्घकाळ तग धरतात, आणि लांब केसांच्या मांजरीत तो बाहेरून दिसत नसतानाही असू शकतो. म्हणून पॅनल्युकोपेनिया, फ्लू आणि रेबीजच्या लसी पूर्ण झाल्याशिवाय कोणतेही मांजर शोला नेऊ नये. गाभण आणि पिल्ले पाजणारी मांजरी तर मुळीच नेऊ नये. हॉलमध्ये दुसऱ्यांच्या मांजरांना हात लावायचा नाही, आपले कंगवे उसने द्यायचे नाहीत, पाण्याचे भांडे घरचे न्यायचे.

परत आल्यावर शोला गेलेले मांजर किमान दोन आठवडे घरातल्या इतर मांजरांपासून वेगळे ठेवायचे. त्याचे भांडे वेगळे, वाळूची पेटी वेगळी, आणि त्याच्याकडून दुसऱ्यांकडे जाताना हात धुऊन कपडे बदलायचे. टॉवरमधल्या दोन बेडरूमच्या घरात हे जमते. चाळीतल्या एका खोलीत, जिथे माळ्यावर पिल्ले आणि खाली माणसे झोपतात, तिथे ते जमत नाही. अशा घरात माळ्यावर लस न झालेली पिल्ले असतील तर त्या महिन्यातल्या शोला मांजर न्यायचे नाही. माणसाने एकट्याने जायचे, परीक्षकाच्या टेबलाजवळ वही घेऊन उभे राहायचे, आणि घरी आल्यावर चपला दाराबाहेर काढून, आंघोळ करून, मगच पिल्लांना हात लावायचा.